भीमाच्या नवसाचा बोकड

पांडवलेण्यातल्या थोरल्या मूर्तीला लंकाबाई भीम समजायची. पोराला, सुनीलला, नोकरी लागली तर बोकड देईन, असा नवसही बोलली. सातपूरच्या कारखान्यात तो चिकटला, दारात बोकड आला आणि नवऱ्यानं, नाथानं, लग्नानंतर पहिल्यांदाच पाट्यावर मसाला वाटला.

तेवढ्यात सुनील लेण्यावरची पाटी वाचून आला. "आई, तो भीम नाय, बुद्ध हाय. त्याला जीव मारलेला चालत नाय."

लंकाबाईनं बोकडाचं दावं सोडलं.

नाथा तिथल्या तिथं इतिहाससंशोधक झाला. "पाटीवाल्याला काय कळतं? मांड्या बघ त्याच्या! भीमच हाय!"

"असंच जिभेपायी तुमच्या वाडवडलांनी बुद्धाला घालवून तिथं भीम बसवला," लंकाबाई म्हणाली. "त्या मसाल्यात आता वांगी करते."