चैत्राली आणि आमची न उघडलेली खोकी

दुर्गापूजेच्या षष्ठीला दुपारी मी एका मुलीची सहा वर्षं बाल्कनीत उन्हात ठेवली आणि मांजराने तोंड घालू नये म्हणून वर पाटा ठेवला.

मुद्दाम केलं असं कोणी म्हणू नये. मुद्दाम मला इतकं नीट काही जमत नाही. झालं ते असं. माझी बायको रजनी इमारतीतल्या बायकांबरोबर बागबाजारची पूजा बघायला निघाली होती. निघताना दारातून तिने मला काहीतरी सांगितलं आणि मी 'हो' म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'हो' हा शब्द मेंदूकडे न जाता कानातून थेट तोंडात येतो. तासाभराने एक कुरिअरवाला थर्मोकोलचा मोठा डबा घेऊन आला. थंड वस्तू आहे, लगेच फ्रीजमध्ये ठेवा, असं बंगालीत सांगून आणि सही घेऊन तो पळाला. माझा चष्मा आत होता. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायची गरजही वाटली नाही, कारण कोलकात्यात थर्मोकोलच्या थंड डब्यात काय असतं ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मासा.

पाठवणारा कोण, हेही मला ठाऊक होतं. खालच्या मजल्यावर घोषालदा राहतात, खिदिरपूरच्या गोदीतून निवृत्त झालेले. बदली होऊन मी या डमडमच्या इमारतीत आलो त्या आठवड्यापासून ते मला धमकावत होते, की एकदा इलिश मासळी खाऊन बघा, मग आयुष्याबद्दल बोला. आम्ही शाकाहारी आणि आमचा फ्रीज आमच्याहून कर्मठ; त्यात केकसुद्धा अंड्याची चौकशी होऊन मगच आत जातो. तेव्हा पूजेचा मुहूर्त साधून घोषालदांनी धमकी अमलात आणली, असा मी निष्कर्ष काढला. डबा परत करावा तर त्यांचा अपमान, फ्रीजमध्ये ठेवावा तर रजनी. सरकारी विमा कंपनीत उभी हयात काढलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. प्रकरण टेबलावरून उचलून दुसरीकडे ठेवलं. म्हणजे बाल्कनीत.

घोषालदांचं मांजर कठड्यावरून आलं, डबा एकदा हुंगला आणि निघून गेलं. बंगाली मांजर माशाकडे पाठ फिरवतंय, एवढ्यावर कोणीही विचारी माणूस थबकला असता. मी बाल्कनीचं दार लावून झोपलो.

रात्री आल्यावर रजनीने विचारलं, डबा आला का, ठेवला का. मी म्हणालो, ठेवला. तेही खोटं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी चैत्राली आली आणि मग सगळं उलगडलं.

चैत्राली समोरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. वडील कस्टम्समध्ये होते. तेही आमच्यासारखेच बदलीवर आले, पण ते इथे टिकले. निवृत्त होऊन आईवडील नाशिकला गेले आणि मुलगी संशोधनासाठी मागे राहिली. मराठी बोलायची ती घरात ऐकलेलं, त्यामुळे तिचं मराठी निम्मं प्रेमाचं आणि निम्मं ओरड्याचं होतं. मधलं तिला येत नव्हतं. आकडे बंगालीत मोजायची. रविवारीसुद्धा सकाळी निघायची. कुठे, असं विचारलं तर म्हणायची, 'पेशींना खायला घालायला.' रजनीला आधी वाटलं, पेशी हे कुत्र्याचं नाव असावं. कळल्यावरही ती तिच्या डब्यात एक पोळी जास्त देत राहिली.

आणि या मुलीला कुठलीच गोष्ट बंद करता यायची नाही. बरणीला झाकण नाही, पिशवीला गाठ नाही, मुरमुऱ्याचं पाकीट उघडंच. मेट्रोतून उतरून मुरमुरे खात यायची, तेव्हा ती कुठल्या रस्त्याने आली ते मागे कळायचं.

तर ती नाशिकहून परतली, बॅग दारातच टाकली आणि डबा मागितला. म्हणजे मासा हिने मागवलेला, असं समजून मी तिला मोठ्या ऐटीत बाल्कनीत नेलं. तिने पाट्याकडे पाहिलं. उन्हाकडे पाहिलं. मग खाली बसून झाकण काढलं. आत गरम पाण्याच्या पिशव्या झालेल्या बर्फाच्या पिशव्या होत्या आणि त्यांच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढी एक नळी.

मी म्हणालो, 'एवढ्या मोठ्या डब्यात एवढंसंच पाठवलं? फसवलंच की तुला.'

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरड्याचं मराठी तिला उत्तम येत होतं. पण तिने ती नळी मुठीत धरली आणि आमच्या फ्रीजरमध्ये ठेवून आली, मटारांच्या शेजारी. ओरडण्याचं काम रजनीने केलं. त्यातूनच मला हळूहळू कळलं, की प्रयोगशाळा पूजेसाठी बंद आणि ती स्वतः नाशिकला, म्हणून चैत्रालीने आमचा पत्ता दिला होता, की ती वस्तू परदेशातून यायला दोन महिने लागतात, की डिसेंबरअखेर तिची शिष्यवृत्ती संपते आणि त्याआधी प्रबंध गेला तर पुण्याची नोकरी आहे, नाहीतर ती जागा दुसऱ्याला मिळते. राहिलेला शेवटचा प्रयोग त्या नळीवर होता.

बागबाजारच्या बाजूला या शहराने एके काळी मराठ्यांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून खंदक खणला होता. पुढे तो बुजवला. जरा घाई केली, असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

चहा झाला. मी विचारलं, त्या नळीत आहे तरी काय. खरं म्हणजे अशा वेळी गप्प बसतात, पण मला गप्प बसण्याचं शिक्षण मिळालेलं नाही. चैत्रालीने इकडेतिकडे पाहिलं. आमच्या दिवाणखान्यात भिंतीला लागून खोकी रचलेली असतात. बदलीच्या नोकरीत सगळी खोकी उघडणं हा शुद्ध वेडेपणा असतो, कारण उघडून होईपर्यंत पुढची बदली येते. म्हणून बांधतानाच रजनी प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवते. 'स्वयंपाकघर, लगेच उघडणे.' 'स्वेटर, थंडी पडली तर.' 'पितळ, चार दिवस पाहुणे आले तर.' त्यातली काही खोकी नागपूरहून निघाली, भोपाळ आणि चेन्नई बघून कोलकात्याला आली, पण त्यांच्या सुतळीला कोणी हात लावलेला नाही.

चैत्राली म्हणाली, हेच माझं काम.

मग तिने सांगितलं ते असं. प्रत्येक पेशीत डीएनएचा जो धागा असतो तो ताणला तर माझ्या उंचीपेक्षा लांब भरेल, आणि तो ठेवायचा कशात, तर डोळ्याला न दिसणाऱ्या टिपक्यात. म्हणून तो रिळांवर गुंडाळतात. रिळं म्हणजे हिस्टोन नावाची प्रथिनं. धागा आणि रिळं मिळून जे गाठोडं होतं, त्याला क्रोमॅटिन म्हणतात. आता गंमत अशी, की डोळ्याच्या पेशीत आणि टाचेच्या पेशीत तोच धागा, तीच सगळी जनुकं. बिऱ्हाड सगळीकडे तेच. तरी डोळ्याला टाचेसारख्या भेगा पडत नाहीत. कारण डोळ्यात टाचेचं खोकं घट्ट बांधलेलं असतं, आणि घट्ट बांधलेलं वाचता येत नाही. जे सैल आहे तेच वाचलं जातं. सैल काय करायचं आणि घट्ट काय ठेवायचं यासाठी रिळांच्या बाहेर आलेल्या शेपट्यांवर रासायनिक चिठ्ठ्या लागतात. काही चिठ्ठ्या म्हणतात उघडा, काही म्हणतात राहू द्या.

'रजनीकाकूंसारख्या,' ती म्हणाली. रजनीला हे फार आवडलं. तिने बिस्किटं काढली.

नळीतलं औषध म्हणजे एक प्रकारचा गळ होता. बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या सोडून एकच चिठ्ठी ओळखायची आणि ती जिथे असेल ते गाठोडं धरून वर आणायचं. चैत्रालीच्या पेशी स्नायू होण्याच्या वाटेवर असायच्या. स्नायूचं जनुक त्यांच्यात सुरुवातीला बांधलेलं असतं आणि मग कधीतरी उघडतं. तिच्या सरांचं म्हणणं होतं, की जनुक वाचायला घेतात म्हणून तिथली चिठ्ठी बदलते. हिचं म्हणणं होतं, की आधी चिठ्ठी बदलते, गाठोडं सैल होतं आणि मग वाचन सुरू होतं. या भांडणात सहा वर्षं गेली होती, आणि साक्षीदार आमच्या बाल्कनीत उन्हं खाऊन आला होता.

यावर शहाण्या माणसाने मान खाली घातली असती. मी म्हणालो, म्हणजे आमच्या दिलरुब्याचं तसंच असणार.

इथे थोडं सांगायला हवं. माझे वडील शरच्चंद्र हे दिलरुबा फार सुंदर वाजवत. मला वाजवता येत नाही; पण वडिलांचंच रक्त असल्यामुळे ते माझ्यात आहे आणि कधीतरी प्रकट होणार, हे मी प्रत्येक गावातल्या महाराष्ट्र मंडळात सांगत आलो आहे. दिलरुबा सगळ्यात खालच्या खोक्यात होता. चैत्रालीने वाकून त्यावरची चिठ्ठी वाचली. रजनीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दिलरुबा, घाई नाही.' ती रजनीकडे बघून काहीतरी म्हणणार होती, पण बिस्किट खाल्लं.

मला मात्र जन्मभराचं उत्तर मिळालं होतं. कला आहे, फक्त बांधलेली आहे. दुसऱ्या दिवसापासून मी हे भेटेल त्याला सांगू लागलो. घोषालदांनाही सांगायला गेलो, तर ते वेगळ्याच गोष्टीने दुखावलेले निघाले. त्यांच्या कानावर डब्याची हकिगत गेली होती. त्यांना चैत्रालीचं वाईट वाटलंच, पण त्यांचा प्रश्न निराळा होता. त्यांनी अतिशय शांतपणे विचारलं, 'म्हणजे मी पाठवलेली इलिश तुम्ही उन्हात ठेवली असती?' कोजागरीची लक्ष्मीपूजा होईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

पूजा संपली, प्रयोगशाळा उघडली. गळ मेला आहे की जिवंत हे तसं बघून कळत नाही. आधी माहितीतल्या पेशींवर टाकून बघायचा, ठरलेल्या जागीच तो चिकटतोय का ते तपासायचं आणि मग खरा प्रयोग. मी रोज संध्याकाळी जिन्यात उभा राहायचो. ती वर यायची, मान हलवून 'अजून नाही' म्हणायची आणि आत जायची. एकदा मी धीर देण्यासाठी म्हणालो, की काही बिघडलं तर मी तुझ्या सरांना स्वतः भेटून समजावून सांगेन. ती इतकी घाबरली, की मला वाटतं त्या दिवसापासून तिने जास्त वेगाने काम केलं.

ती पुण्याला गेली नाही तर इथेच राहील, रोज जिन्यात मुरमुरे सांडतील, रजनीची जास्तीची पोळी खपेल, असाही एक विचार एका संध्याकाळी मनात आला. मी तो बांधून ठेवला. चिठ्ठीसुद्धा लावली नाही.

मग एका संध्याकाळी ती जिना चढून आली ती सरळ आमच्या घरात, आणि बुटांसकट सोफ्यावर बसली. गळ जिवंत होता. कोलकात्याच्या उन्हात दीड दिवस काढूनही शाबूत. परदेशातून आलेलं ते औषध इथे माझ्यापेक्षा लवकर रुळलं. आणि प्रयोगात गाठोडं आधी सैल झालेलं दिसलं होतं, वाचन नंतर सुरू झालं होतं. सरांचा विश्वास बसेना. त्यांनी तिला तेच पुन्हा करायला लावलं, आणि पुन्हा तेच आलं. रजनी रडली. घोषालदांनी वर येऊन संदेश ही इथली मिठाई वाटली आणि मला दोन तुकडे दिले, यावरून क्षमा झाल्याचं मी धरून चाललो.

डिसेंबरात प्रबंध गेला. जानेवारीत चैत्रालीचं सामान निघालं, आणि तेव्हा कळलं, की सहा वर्षं गाठोड्यांचा अभ्यास केलेल्या मुलीला खोकं बांधता येत नाही. शिवाय घरात एक खोकं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, की खोक्यांची काळजी करू नकोस, ती आमच्याकडे पिढीजात आहेत. रजनीला कोलकात्यात पहिल्यांदाच सगळ्या सुतळ्या कापाव्या लागल्या. पितळ बाहेर आलं. स्वेटर आले, त्यातले दोन आता कोणालाच होत नव्हते. शेवटी सगळ्यात खालचं खोकं राहिलं. ते सगळ्यात मजबूत होतं आणि चैत्रालीची पुस्तकं त्यातच मावणार होती.

दिलरुबा निघाला. तारांवर गंज होता, गजाचे केस अर्धे गळाले होते, पण वाद्य सलामत होतं. मी जमिनीवर बसलो, खांद्याला टेकवून धरला, वडिलांचं स्मरण केलं. सैल झालेलं वाचलं जातं हे आता शास्त्राने सिद्ध झालं होतं, तेही माझ्या डोळ्यांसमोर. डोळे मिटून मी गज ओढला.

किती वेळ वाजवलं ते सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा रजनी स्वयंपाकघरात गेलेली होती आणि दार आतून लावलेलं होतं. कठड्यावर घोषालदांचं मांजर होतं, ते आता नव्हतं. खालून घोषालदांनी हाक मारून विचारलं, की कोणाला काही झालं का. चैत्राली मात्र माझ्यासमोर मांडी घालून बसलेली होती, पुस्तकांच्या ढिगाला टेकून, आणि तिचे डोळे पाण्याने भरलेले होते.

मला भरून आलं. मी म्हणालो, 'बघ, पोरी. इतकी वर्षं बांधलेलं होतं. आता उघडलं ना जनुक?'

तिने ओढणीने डोळे पुसले, रिकाम्या खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'काका, खोकं परत बांधा, मी माझी पुस्तकं गोणीतून नेते.'