धाकटीनं उत्तर सांगितलं नाही

धाकटी मास्तरीण आहे. आता मास्तरणी पुष्कळ असतात, पण हिची गोष्टच वेगळी. हिच्या वर्गात बाकांच्या रांगा नाहीत. बाकं समोरासमोर लावलेली, चार-पाच पोरांचा एकेक गट, आणि ही बाई फळ्यापाशी सापडेल तर शपथ! पोरांनी काही विचारलं की उत्तर देत नाही, उलट म्हणते, "कसं शोधाल?"

तिच्या थोरल्या भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सातवीत शाळा सुटलेला माणूस. तो एकदा म्हणाला, "अगं, सांगून टाकलंस तर तुझं काय झिजतं?"

"दादा, तू पंक्चर काढायला कुणी सांगून शिकलास का?"

असं डोकं अख्ख्या खानदानात दुसरं नाही, आणि भावानं खानदान चांगलं पाहिलंय.

पण काही पालकांनी तक्रार केली. वर्गात बाजार भरतो, बाई शिकवत नाहीत, नुसत्या फिरतात. हेडसरांनी तिला बोलावून घेतलं. "सोमवारी मी तासाला बसतो. पटलं तर ठीक. नाहीतर बाकं पुन्हा रांगेत आणि तुम्ही फळ्यापाशी."

आदल्या दिवशी ती भावाकडे आली. "दादा, तुझा स्वेटर दे. वहिनीचापण."

"थंडी वाजतेय?"

"मला नाही, बर्फाला घालायचाय."

"माझा आटला तर नवा घेऊन द्यायचा," वहिनी म्हणाली, "तुझ्या दादानं!" भावानं लगेच दोन्ही स्वेटर काढून दिले.

सोमवारी हेडसर आले ते शिपायालाच सोबत घेऊन, बाकं हलवायला. म्हणजे निकाल आधीच लावलेला! धाकटीनं तरी तास सुरू केला. दोन गटांना एकेक स्वेटर आणि बर्फाचे दोन-दोन सारखे खडे. एक खडा वाटीत उघडा, एक स्वेटरात गुंडाळून. आधी कुठला वितळेल?

"स्वेटरातला!" सगळी पोरं ओरडली. "स्वेटर गरम असतो!"

"चुकतायत," हेडसर पुटपुटले. "सांगा की त्यांना."

"थोडं थांबू या, सर."

वाट्यांमध्ये पाणी झालं. पहिल्या गटानं स्वेटर उघडला, तर खडा बराचसा शाबूत! पोरांनी आ वासला. तेवढ्यात खिडकीजवळच्या गटानं आपला उघडला. आत बर्फ नाहीच, नुसती ओल.

"बघा! गरमच असतो!"

"खोटं! तुम्ही खाल्लात!"

एकच गिल्ला. हेडसर उठून उभे राहिले. "बाई, आता तरी सांगा." शिपायानं एका बाकाला हात घातला.

एक वाक्य बोलली असती तर वर्ग शांत झाला असता, हेडसरही खूश. तिनं खडू उचलला. आणि परत ठेवून दिला. "काय काय केलंत, एकमेकांना विचारा," ती पोरांना म्हणाली.

"आम्ही गुंडाळून ठेवला. हातपण नाही लावला."

"आम्हीपण तसंच."

"ए, हा सारखा उघडत होता!" खिडकीजवळच्या गटातलीच एक म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, बघ किती उरला!"

"आणि बोट कोण लावत होतं?"

"सगळेच!"

एवढं बोलून तो गट आपापल्या बोटांकडे बघायला लागला. मग त्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे ऊब आपणच आत सोडली. स्वेटर गरम नाही करत, तो ऊब अडवतो. आपली बाहेर जाऊ देत नाही, आणि बाहेरची बर्फाला लागू देत नाही."

चौथीतली पोर! शिपायानं बाक सोडलं आणि तो ओला स्वेटर उलटापालटा करून बघायला लागला.

हेडसरांनीही तो चाचपून पाहिला. मग म्हणाले, "बाकं राहू द्यात अशीच. आवाज तेवढा कमी करा, बाई."

"ते नाही जमायचं, सर."

तोंडावर! हेडसरांना! आणि ते हसले.

धाकटीनं यातलं अवाक्षर घरी सांगितलं नाही. शिपाईच दुकानात येऊन सांगून गेला. भावानं त्याच्या सायकलची दोन्ही चाकं फुकटात सरळ करून दिली, आणि गिऱ्हाइकं जमल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.