नांगराचं भाडं

आमच्या शिडाच्या बोटीची लांबी मोजायला मरिनाच्या माणसाने टेप लावला, तो थेट पुढे टांगलेल्या नांगराच्या टोकापासून. या धक्क्यावर रात्रभर बोट बांधायची तर भाडं फुटावर.

"अहो, नांगर कशाला मोजताय?" मी वैतागले.

"जागा अडवतो ना, मॅडम. नियम आहे."

आत माझा नवरा पाय मुडपून झोपतो, ती लांबी कुणी विचारत नाही! दिवसभर वाऱ्यावर आलो, समुद्राने काही मागितलं नाही. चालत राहा, सगळं फुकट. जरा टेकतो म्हणा, की कुणीतरी टेप घेऊन उभाच. बोटीचं कशाला, शहरातही तेच. या मरिनावाल्यांनी ना पाणी भरलं, ना भरती आणली. नुसता खांब रोवला.

"देऊन टाक गं, दमलोय," नवरा म्हणाला.

मी दोर सोडला. खाडीच्या तोंडाशी मासेमारीच्या होड्या संध्याकाळच्या उन्हात निवांत डुलत होत्या. त्यांच्याशेजारी जाऊन आम्ही नांगर टाकला. साखळी खडखडत गेली, नांगर तळाच्या चिखलात रुतला आणि बोट गप्प उभी राहिली.

आता मोज म्हणावं.