तुले काहीच झालं नाही

ताईच्या डाव्या बरगडीखाली आग व्हायची. आग हा शब्द तिचाच. सोयाबीन काढणीच्या दिवसांत ती सुरू झाली आणि मग गेलीच नाही. कधी पाठीत जायची, कधी गळ्याशी येऊन अडकायची, म्हणजे घास उतरायचा नाही. वडनेर भोलजी तिचं सासर, आणि मी तिथून तासाभराच्या अंतरावर एका आरोग्य उपकेंद्रात नर्स. त्यामुळे दुखलं की पहिला फोन मला.

वर्षभरात नांदुरा झालं, मलकापूर झालं, खामगाव, अकोला झालं. सोनोग्राफी, दुर्बीण, सिटी स्कॅन. शेगावला जाऊन नवस बोलून झाला. रिपोर्ट चांगला आला की ताई दोन दिवस बरी असायची. तिसऱ्या दिवशी फोन, "त्या मशीनमधी नसन दिसलं तं?" सगळे रिपोर्ट ती साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत उशाशी ठेवायची, आणि गाठ तर नाही ना म्हणून बरगडीखाली बोटं रोवून सारखी चाचपायची.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच केली. कंबर दुखते म्हटलं की ती तेल गरम करायला उठायची. खरंच दुखते का, असं तिनं मला कधी विचारलं नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला मी तिच्याकडे जेवायला गेले. लसीकरण आटोपून भर उन्हातून आले होते, डोकं ठणकत होतं. पुढच्या खोलीत तिची सासू, नवरा, दीर बसलेले. ताई पिशवी घेऊन आली आणि सिटी स्कॅनची फिल्म माझ्यापुढे धरली.

"हे एकदा पाह्य ना वं. कोपऱ्यात काहीतरी काळं दिसून राह्यलं."

मी फिल्म हातातही घेतली नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तुले काहीच झालं नाही. सारं मनाचं हाय. कामाले लाग, दुखनं आपोआप जाईन."

सासू चिडल्या नाहीत. उलट सुटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं का सूनबाई? आता तं तुही बहीनच म्हनते."

ताईनं फिल्म पिशवीत घातली. मग आत जाऊन माझ्यासाठी ताट वाढून आणलं.

त्यानंतर तिचे फोन बंद झाले. माझं बोलणं लागू पडलं, असं मला वाटलं. एका सोबतिणीला मी हे कौतुकानं सांगितलंही. घरात काय चाललं होतं ते पुढे कळलं. ताई जरा टेकली की कुणीतरी म्हणायचं, "नर्सबाईनं काय सांगतलं होतं?" तिचा नवरा वाईट माणूस नाही. दवाखान्यांना तोही कंटाळला होता, आणि माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

थंडीत त्याचाच फोन आला. "ताप हाय. उभंही राह्यता येत नाही तिले."

मी गेले तेव्हा ताई पालथी पडली होती. मला पाहू देईना. मी लुगडं बाजूला सारलं. कुल्ह्यावर तळहाताएवढी लालभडक सूज, कडक, गरम, मधोमध पू. बाजाराच्या दिवशी ती एका बिनडिग्रीच्या डॉक्टरकडे जाऊन दुखण्याची सुई घेत होती. सुईनं दोन दिवस बरं वाटायचं. सूज येऊन पंधरा दिवस झाले होते.

"मले काऊन नाही सांगतलं?"

ताईनं तोंड भिंतीकडे केलं. "सांगून काय करू? तू म्हनशील, मनाचं हाय."

मी आजवर कितीतरी जखमा धुतल्या, बांधल्या. ही घरी धुण्यातली नव्हती, मी तिच्या नवऱ्याला गाडी आणायला सांगितलं.

खामगावला गळवाला चीर देऊन पू काढला. मी रजा टाकून तीन आठवडे रोज पट्टी केली. ताई उशीचा कोपरा दातांत धरायची, पण हूं की चूं करायची नाही. तिनं ओरडावं, मला शिव्या द्याव्यात, असं मला वाटायचं.

चीर देणाऱ्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि आम्हाला बुलढाण्याला मानसोपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे धाडलं. "मी का पागल हाव?" म्हणत ताई आली. बाईंनी पिशवीतला प्रत्येक कागद पाहिला, पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "दुखतं ना?"

"हाव."

"खरंच दुखतं. तुम्ही खोटं बोलत नाही आहात."

ताई ढसाढसा रडली. इतक्या दिवसांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. मी तर नाहीच.

बाईंनी साध्या शब्दांत समजावलं. जखम नसली तरी दुखणं येतं, आणि ते जखमेइतकंच दुखतं. भीतीनं ते वाढतं, चाचपल्यानं आणखी वाढतं. कशामुळे सुरू झालं ते दर वेळी सापडतंच असं नाही. यापुढे डॉक्टर एकच. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी यायचं, दुखत असो वा नसो. त्यांना तपासताना काही नवं आढळलं, तरच नवी तपासणी. एक गोळी. रोज थोडं चालायचं. दुखलं म्हणून काम टाकायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून दमेपर्यंत करायचंही नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना 'काही नाही' म्हणू नका. आणि सारखं 'कसं आहे' असंही विचारू नका."

याला दोन वर्षं झाली. आग गेलेली नाही, कमी झाली आहे. ताई अर्धा दिवस कापूस वेचते, मधे बांधावर बसते, पुन्हा उठते. घास उतरतो. तिला बसलेली पाहून आता सासू काही बोलत नाहीत. कुल्ह्यावर मात्र बोट बुडेल एवढा खड्डा राहिला आहे.

एकदा बसमध्ये मी धीर करून म्हटलं, "ताई, माझं चुकलं."

ती खिडकीतून बाहेर पाहत होती. "जाऊ दे वं" म्हणेल, असं मला वाटलं होतं.

"हाव," ती म्हणाली. एवढंच.

गेल्या मंगळवारी तिचं नाव पुकारलं, तशी मीही उठले. "तू बस इथंच," म्हणून ती एकटी आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा डोळे ओले होते.

"काय बोलली वं बाईंशी?"

"पुढच्या महिन्यात बोलावलं," ती म्हणाली आणि बसस्टँडकडे चालू लागली. आता ती भरभर चालते. मी तिच्या मागून निघाले.