फरामर्ज भावोजींचं पाणी बदलणं

आमचे फरामर्ज भावोजी, म्हणजे माझ्या मनीजेताईचे यजमान, टपाल खात्यातून निवृत्त झाले आणि माशांच्या नादी लागले. सगळं आयुष्य इस्फहानच्या गल्ल्यांतून पत्रं वाटण्यात गेलं. दारोदार जायचं, दारोदार गोड बोलायचं, "चहा घ्या", "नको नको", "आमच्या गळ्याची शपथ", "नाही हो, तुमचाच जीव मोठा", असं करत करत पत्र हातात द्यायचं. त्यामुळे या माणसाला दारात उभं राहिलं की वेळेचं भान राहत नाही. घरात ऐन जेवणाच्या वेळी बेल वाजली की ताई सरळ कालवण परत चुलीवर ठेवते.

मी तूबा. ताईची धाकटी बहीण. शिवणकाम करते, लग्न केलं नाही आणि तोंड बंद ठेवत नाही, म्हणून ताईच्या घरात मला वेगळी खोली दिलेली आहे, दाराला जाड पडदा लावून.

तर मासे. नवरोजला प्रत्येक घरात सणाच्या मांडणीत एक लाल मासा लागतो, काचेच्या वाडग्यात. तेरावा दिवस उलटला, सण संपला, की त्या माशाचं करायचं काय? पूर्वी लोक नदीत सोडायचे. आता नदीत सोडायचा तर आधी नदीत पाणी पाहिजे! पुलाखाली पोरं फुटबॉल खेळतात. मग अख्ख्या इमारतीतले लोक वाडगे घेऊन भावोजींच्या दारात. "फरामर्ज आगा, तुमच्या हाताला यश आहे." झालं. नाही म्हणणं या माणसाला शिकवलेलंच नाही. बघता बघता एवढे मासे झाले की दिवाणखान्यात भलीमोठी काचेची टाकी आली, तिच्यात फूस-फूस बुडबुडे सोडणारं यंत्र आलं, आणि ताईच्या कपाळावर जी आठी पडली ती पडलीच.

ताईचा राग माशांवर नव्हता, पाण्यावर होता. हे लाल मासे दिसायला राजघराण्यातले, पण खाणं आणि घाण करणं याशिवाय त्यांना दुसरा उद्योग नाही. दर शुक्रवारी टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढायचं, तळातली घाण ओढून घ्यायची, आणि आदल्या दिवशी उघडं ठेवून नळातल्या औषधाचा वास घालवलेलं ताजं पाणी हळूहळू भरायचं. सगळं पाणी एकदम बदललं तर मासे मरतात, हे भावोजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत. आणि टाकी कुठे ठेवलेली? आईच्या गालिच्याच्या काठाशी. आमच्या आईने स्वतः विणलेला, सायीच्या रंगावर डाळिंबी फुलं. तोच तेवढा आईचा म्हणून घरात उरलेला. भावोजी भरलेली बादली घेऊन त्यावरून चालायचे आणि टिप्‌टिप् टिप्‌टिप् न्हाणीघरापर्यंत माळ. ताई मागून फडकं घेऊन पुसत यायची आणि तोंडाने जे म्हणायची ते मी इथे लिहीत नाही.

शेवटी एका शुक्रवारी बादली कलंडली. ताई काही ओरडली नाही. ते बघून मीसुद्धा घाबरले. तिने गालिच्याचा कोपरा पिळला आणि शांतपणे म्हणाली, "फरामर्ज आगा, यापुढे या गालिच्यावर एक थेंब पडला, की मासे घराबाहेर. मग ते नदीत जाऊ देत नाहीतर मशिदीच्या हौदात. माझ्या आईचे रंग एकमेकांत उतरले ना, तर मी तुम्हाला पण हौदात सोडेन."

भावोजींचं तोंड एवढंसं झालं. रात्री टाकीसमोर बसून ते एकेका माशाकडे बघत होते. मला म्हणाले, "तूबा, हौदाकाठच्या मांजरी बघितल्यास का गं?" मला हसू येत होतं आणि कसंतरीही होत होतं. निवृत्तीनंतर या माणसाची वाट बघणारं दुसरं कोण होतं? पूर्वी सगळं गाव दारात उभं राहायचं. आता पावलं वाजली की काचेला नाक लावून हे लाल भिडू तेवढे येतात.

पुढच्या शुक्रवारी ताई सकाळीच मामींकडे भाज्या निवडायला गेली. ती बाहेर पडली तसे भावोजी जिन्यातून लांबच लांब नळी घेऊन हजर.

"बादलीच नको!" ते म्हणाले. डोळे असे चमकत होते की विचारू नका. "एक टोक टाकीत, दुसरं थेट न्हाणीघराच्या मोरीत. पाणी आपलं आपण जाईल. गालिच्याला कळणारसुद्धा नाही."

नळी थोडी कमी पडली. मग दुसरी जोडली. जोड स्वयंपाकघराच्या मध्यावर आला. तो बांधायला माझ्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक घेतलं. इलॅस्टिक माझं, गाठ त्यांची. हे नीट ध्यानात ठेवा, कारण नंतर घरात यावर बराच वाद झाला.

आम्ही गालिचा अर्धा गुंडाळून ठेवला, कडेने जुने टॉवेल लावले. भावोजींनी नळी तोंडाला लावून ओढली, पाणी सुरू झालं, आणि मला टाकीशी बसवलं. "टोक पाण्याखाली धर. माशाचं शेपूट ओढलं जाईल, लक्ष ठेव. काही झालं तरी नळी सोडायची नाही."

"भूकंप झाला तर?"

"तर एका हाताने धर."

ते मोरीशी जाऊन बघून आले. पाणी झुळझुळ पडत होतं. परत आले ते टाळ्या वाजवत, गुणगुणत, पायात मोजे घालून दिवाणखान्यात चक्क गिरकी घेतली त्या माणसाने. मीही बसल्या बसल्या खांदे उडवत होते. हे बराच वेळ चाललं. आणि बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या बदरी खानुम. ऐंशीला टेकलेल्या, अंगाने मूठभर, पण रीतभात अशी की त्यांच्यापुढे बसताना आपण कपडे सावरतो. त्यांच्या डोक्यावरचा रुमाल खांद्याशी ओला दिसत होता. मला वाटलं, न्हाऊन आल्या असतील.

"फरामर्ज आगा, कसे आहात? म्हटलं किती दिवसांत विचारपूस नाही."

"बदरी खानुम! आज सूर्य कुठून उगवला! या, आत या, माझ्या डोळ्यांवर पाऊल ठेवा."

"नाही हो, तुम्ही कामात असाल."

"तुमच्यापुढे कसलं काम? लाजवता होय आम्हाला?"

"मुलं बरी आहेत? मनीजे बरी? तूबाचा गुडघा?"

माझ्या गुडघ्यावर जे सुरू झालं ते त्यांच्या गुडघ्यावर गेलं, तिथून त्यांच्या शिराजच्या भाचीवर, तिथून भाचीच्या सासूच्या मोतीबिंदूवर. त्या आत येत नव्हत्या आणि भावोजी त्यांना जाऊ देत नव्हते. मी नळी धरून बसलेली. एक गुबगुबीत मासा नळीच्या तोंडाशी येऊन माझ्यावर डोळे वटारत होता, म्हणून माझी नजर टाकीतून हलत नव्हती. एवढ्यात माझे पाय गार झाले.

खाली बघते तर काय! स्वयंपाकघराच्या दारातून पाण्याची चादर सरकत सरकत येते आहे, आणि टॉवेल बिचारे पोहायला लागलेत. मी टोक पाण्याबाहेर खेचलं. पाणी थांबलं, पण जे सुटलं होतं ते काय परत जाणार होतं? ओरडायची तर सोय नाही, दारात पाहुणी. मी गळ्यात मध ओतून म्हटलं, "भावोजी, जरा इकडे येता का?"

"आलो हं," असं म्हणून ते मोतीबिंदूच्या दुसऱ्या डोळ्याकडे वळले.

आणि जिन्यातून माझी ताई वर आली.

तिला उंबऱ्यातूनच सगळं दिसलं. नळी, मी, गालिच्याच्या गुंडाळीत शिरणारं पाणी. तिचा चेहरा लाल झाला, पांढरा झाला, आणि मग तिची नजर बदरी खानुमवर पडली. "अगबाई, बदरी खानुम! बाहेर का उभ्या? आत या ना, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकते."

आता तिघंही पाण्यात उभे. बदरी खानुमनी चपला काढल्या, ओल्या मोज्यांनी चपक-चपक करत आल्या, आणि पाण्याकडे न बघता म्हणाल्या, "किती छान गारवा आहे तुमच्याकडे."

"आपलं साधंच घर," ताई म्हणाली. तिची टाच बुडली होती.

मला हसण्याची अशी उबळ आली की मी तोंडात ओढणी कोंबली.

बदरी खानुम टाकीजवळ गेल्या. चष्मा वर केला. "यातला माझा कुठला हो?"

"तो," भावोजी लगेच म्हणाले. "पांढऱ्या शेपटीचा. तुमच्याकडून आला तेव्हा एका अंगावर पोहायचा. आता सगळ्यांच्या आधी दाण्याला येतो. त्याच्या शेजारचा वरच्या मजल्यावरच्यांचा, तो ठिपक्यांचा बेकरीवाल्याचा."

"सगळ्यांचे ओळखता?"

"म्हणजे काय? पत्त्यासकट."

म्हातारी काचेला बोट लावून उभी राहिली. मग म्हणाली, "किती सुंदर ठेवलेत हो."

बस्स, ताईला हवं ते मिळालं. आमच्याकडे पाहुण्याने वस्तूची तारीफ केली की "तुमचीच आहे, घेऊन जा" म्हणायचं असतं, आणि पाहुण्याने नको म्हणायचं असतं. जग असंच चालतं. पण ताई जे म्हणाली ते तिने मनापासून म्हटलं. "आवडले? मग तुमचेच झाले. टाकीसकट न्या."

"छे छे, तुम्हालाच शोभतात."

"तुमच्यापेक्षा का जास्त आहेत? न्याच."

"नको गं बाई, देवाने तुमच्या घरी ठेवावेत."

"मी आजच खाली पाठवते. काय हो?" ताई भावोजींकडे वळली.

यजमान माणूस काय म्हणणार? भावोजी टाकीकडे बघत म्हणाले, "हो हो... न्या ना... आमचा आग्रह आहे." डोळे पार भरून आले होते. माझं हसू तिथेच विरलं. मला ताईचा राग आला, खरंच आला. तीनदा आग्रह झाला होता. आता बदरी खानुमनी एकदा नको म्हटलं की सुटलो, असं मी मनात घोकत होते.

बदरी खानुमनी भावोजींकडे बघितलं. मग ताईकडे. मग पायाखालच्या पाण्याकडे, पहिल्यांदाच.

"इतकं म्हणतेस तर घेतले," त्या म्हणाल्या.

भावोजी खुर्चीत बसले. खुर्चीसुद्धा ओली होती.

"माझे झाले ना मनीजे? शब्द दिलास?"

"दिला," ताई म्हणाली. पण तिचाही आवाज जरा चाचरला. घेणारी माणसं तिने आजवर बघितलीच नव्हती.

"मग आता माझी अडचण ऐक. ते मी खाली नेऊ शकत नाही. माझ्या छतातून पाणी गळतंय. मघापासून. चुलीवर आशचं सूप रटरटतंय, त्यात धार पडतेय. तेच सांगायला तर मी वर आले होते."

"अहो, मग सांगितलं का नाही?" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

"दारातच? आल्या आल्या?" म्हातारी खरोखर दुखावली. "माणसाला काही रीत आहे की नाही?"

मग मात्र मला राहवेना. मी नळी गळ्यात घेऊन ओल्या फरशीवर बसकण मारली आणि पोट धरधरून हसले. बदरी खानुमही हसायला लागल्या, खांदे गदागदा हलवत. "तर मनीजे, मासे माझे, पण तुझ्या घरी ठेव म्हणून ठेवतेय. शेजारणीची ठेव आहे, नीट सांभाळ. दर शुक्रवारी येऊन बघेन. एक जरी कमी झाला तर तुझ्याकडूनच घेईन."

शेजारणीची ठेव घराबाहेर काढायची म्हणजे चार घरांत तोंड दाखवायची सोय उरत नाही. भावोजी उठून बदरी खानुमच्या हाताकडे वाकले, तर त्या म्हणाल्या, "आधी आश बघा हो."

गालिचा आम्ही गच्चीच्या कठड्यावर टाकला. आईचे रंग ते. एका धाग्याचा रंग उतरला नाही. ताई दोन दिवस पांढरं फडकं ओलं करून घासून बघत होती.

पुढच्या शुक्रवारी भावोजींनी बादली घेतली तशी ताईने ती हिसकावली. "ठेवा ती खाली. लोकांची वस्तू आहे. तुमच्या हातात द्यायची म्हणजे..." आणि स्वतः बसली. बादली थेट टाकीखाली, कडेला चिमट्याने नळी पकडलेली, खाली जेवताना अंथरायचं प्लास्टिकचं दस्तरखान, बादली अर्धी भरली की नळीच्या तोंडाला अंगठा लावायचा. सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं बाईने! मग नळी तोंडात धरली आणि जोरात ओढली. भावोजी "हळू" म्हणेपर्यंत उशीर झाला. तिचे दोन्ही गाल टम्म फुगले. माशांचं पाणी, आठवडाभराचं. समोर आईचा गालिचा. आणि बेल वाजली. दार उघडंच होतं; उंबऱ्यात बदरी खानुम.

ताईने आमच्याकडे बघितलं. गालिच्याकडे बघितलं. डोळे मिटले आणि गटकन गिळलं.

"या ना बदरी खानुम," ती म्हणाली, "डोळ्यांवर पाऊल ठेवा."

"कसं आहे माझ्या माशांचं पाणी?"

"चांगलंय," ताई म्हणाली. "थोडं मीठ कमी आहे."

भावोजी बायकोकडे असे काही बघत होते, की त्यांच्या लग्नात सगळ्यात पुढे मीच बसले होते, पण तेव्हाही मी ती नजर बघितली नव्हती. मग ते घाईघाईने चहा टाकायला गेले, आणि पाणी वाहत असताना नळी कुणीच धरलेली नाही हे पुन्हा मलाच बघावं लागलं.