मालनने राखण दिली नाही

सावर्ड्याहून आत डोंगराकडे वळलं की ओढ्याकाठी मालनचा बारा गुंठ्यांचा मळा लागतो. नवरा अनिल नोकरीला मुंबईत, त्यामुळे मळ्यात राबायची ती मालनच. तिचा पावटा बाजारात लोक नाव विचारून घ्यायचे. मग सलग दोन वर्षं तो ऐन फुलोऱ्यात पिवळा पडून वाळला.

गावाला कारण लगेच सापडलं. राखणदार कोपला! शेत राखणाऱ्या देवाला दरवर्षी कोंबडा द्यायचा, त्याला राखण म्हणतात. ती बाईने एकटीने दिली, तिथेच चुकलं म्हणे. थोरले दीर हरिश्चंद्र यांनी फर्मान काढलं, की यंदा गावकीसमोर चूक कबूल करून राखण द्यायची, आणि तरीही पीक गेलं तर मळ्यात आपण काजू लावणार. सातबारा अजून सामाईक होता. म्हणजे ते बोलले तसं करू शकत होते.

मालनचं डोकं फिरलं. कबूल करायला आधी चूक दिसायला तर हवी. वाळलेल्या एका झाडाच्या बाजूने माती उकरत ती मुळापर्यंत गेली. मूळ वीतभर सरळ खाली उतरलं होतं आणि तिथून चक्क आडवं वळलं होतं. दुसऱ्या झाडाचंही तेच, तिसऱ्याचंही. त्याखाली पहार मारली तर टणकन उडाली. तिथे कातळ नव्हता, तिच्या सासऱ्यांनी पूर्वी तिथेच कमरेइतका चर खणला होता. मातीच दाबून दाबून फरशीसारखी झाली होती. ओल त्या थराखाली होती आणि झाडं वर तहानेने मेली होती.

दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामाचे डंपर रात्री भर चिखलात या मळ्यात उभे असायचे. ठेकेदाराला जागा हरिश्चंद्रांनीच दिली होती, तिला न विचारता, गावकीला न कळवता.

भाताची झोडणी आटपली तशी, जमिनीत ओल होती तोवर, ती पहार घेऊन मळ्यात उतरली. वीतवीत अंतरावर पहार घालायची, जोर लावून तो थर उचकटायचा आणि पुढे सरकायचं. येणारेजाणारे हसले. राखणदाराच्या डोक्यात पहार घालते म्हणाले. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. मग तिने पावटा पेरला. राखणीचा दिवस आला, तिने कोंबडा दिला नाही. कशाला वाकड्यात शिरतेस, असं अनिल फोनवर म्हणाला, तर तिने फोनच ठेवून दिला. भीती तिलाही वाटत होती, पण ती मळा जाण्याची.

माघात हरिश्चंद्र गावकीची चार माणसं घेऊन आले. पावटा शेंगांनी लगडला होता. फक्त बांधाकडचा एक वाफा पिवळा होता. तो तिने मुद्दाम पहार न लावता ठेवला होता. दोन्हीकडचं एकेक झाड खणून तिने त्यांच्या पायाशी ठेवलं. एकाचं मूळ आडवं, दुसऱ्याचं हातभर सरळ.

दरवर्षी राखणीच्या वेळी देवाला गाऱ्हाणं घालणारे धाकू गावकर दोन्ही मुळं शेजारी शेजारी धरून बघू लागले. हरिश्चंद्र म्हणाले, पीक आलं ते ठीक, पण रीत मोडली, राखण द्यावीच लागेल.

"देऊया ना, भावजी," मालन म्हणाली. "पण ज्याचं चुकलं त्याने द्यायची. डंपर कोणी उभे केलेले, ते गावकीला सांगा. कोंबडा नसला तर माझ्या खुराड्यातला न्या."

धाकू गावकर हरिश्चंद्रांकडे वळले आणि त्यांनी विचारलं, कसले डंपर?