कूलर कोणत्या खिडकीत?

"कूलर कोणत्या खिडकीत हाय?"

गेम खेळायला कॉम्प्युटर जुळवायचा म्हणून सल्ला मागायला आलेल्या माणसाला भाऊजी पहिला प्रश्न हा विचारत. बजेट किती ते नाही, गेम कोणते तेही नाही. समोरचा गोंधळून म्हणे, "भाऊजी, मी कॉम्प्युटरचं विचारून राह्यलो." त्यावर ते शांतपणे म्हणत, "मी बी कॉम्प्युटरचंच विचारून राह्यलो." आणि उत्तर मिळेपर्यंत पुढं सरकत नसत.

वर्ध्याला आमच्या सरकारी ऑफिसात ते नकाशे काढायला होते. त्यांच्या सासरच्या गावची एक बाई पूर्वी आमच्याकडं टायपिस्ट होती, ती त्यांना भाऊजी म्हणे. ती बदली होऊन गेली, नातं मात्र ऑफिसाला चिकटलं. साहेबसुद्धा 'भाऊजी, ती फाइल' म्हणत. ते रोज पवनारहून बसनं येत, कारण स्कूटर चालवायची त्यांना भीती वाटे. आणि हाच माणूस संध्याकाळी घरी जाऊन कॉम्प्युटरवर अवाढव्य ट्रक हाकायचा. सकाळी सही करता करता आम्हाला बातमी मिळे, "काल जर्मनीत माल टाकून आलो. रस्ते मस्त हाय, पण चहाचा ठेला नाई कुठं."

कूलरचं प्रकरण असं. आमच्याकडचा मे महिना तुमच्यापैकी कुणी काढला असेल तर त्याला वेगळं सांगायला नको. खिडकीत पाण्याचा कूलर लागतो आणि अख्खं घर त्याच्यासमोर येऊन पडतं. भाऊजींनी पहिला कॉम्प्युटर मोठ्या हौसेनं जुळवला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना त्याची दया आली. आपण गारव्यात बसायचं आणि त्या बिचाऱ्यानं तापायचं, हे त्यांना बघवेना. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं आणि तो कूलरच्या ऐन तोंडासमोर मांडला. त्या ओल्या हवेनं उन्हाळा सरायच्या आत मदरबोर्डला गंज चढला आणि तो गेला.

"लेकरावानी जपलं, आन जपूनच मारलं," असं ते सांगत. सांगताना हसत, पण त्यांचा चेहरा अजून सुतकातला असे.

माझं त्यांच्याशी खरं काम पडलं ते श्रुतीमुळं. श्रुती माझी मुलगी. डॉक्टर व्हायचं म्हणून नागपूरला क्लास लावला होता. परीक्षा एकदा हुकली, दुसऱ्यांदाही हुकली आणि पोरगी बॅग घेऊन घरी आली ती खोलीतच शिरली. जेवायचं ताट आत जायचं, तसंच अर्धं बाहेर यायचं. घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. अशात एक दिवस ती दारातून म्हणाली, "बाबा, मला गेमिंगचा पीसी घ्यायचाय. स्वस्तातला." कित्येक दिवसांत तिनं काही मागितलं ते एवढंच.

बायको भडकली. "पोरगी आधीच कोंडून राह्यली, आन तुम्ही तिले खेळाचं मशीन आणून देता? मंग ते दार उघडनच नाई कधी."

तिचं खोटं नव्हतं. मलाही तीच धास्ती होती. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी भाऊजींना सगळं सांगितलं. त्यांनी कूलर विचारला. तिच्या खोलीत, टेबलाला लागून, असं मी म्हणालो. "मंग येऊन पाहा लागन," ते म्हणाले आणि त्या शनिवारी हजर झाले.

आले ते श्रुतीच्या बंद दाराला पाठ करून हॉलमध्ये बसले आणि बसमधल्यासारखे मोठमोठ्यानं बोलायला लागले. "भाऊ, आठ जीबी रॅम बास झाली. प्रोसेसर कोनताबी चालते. उरलेल्या पैशात रंगीत लायटा लाऊ."

मी चकित झालो. अर्ध्या ऑफिसाच्या पोरांचे कॉम्प्युटर जुळवून देणारा माणूस हे काय बोलतोय? तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं.

"काका, आठमध्ये आता काहीच धड चालत नाही."

"असं?" भाऊजींनी मान वळवली नाही. "मंग किती पायजे?"

"सोळा. तेही एकच स्टिक नाही, आठ-आठच्या दोन."

"मले तं कोनी सांगतलंच नाई. ये, बस इथं. नीट समजावून सांग."

ती आली. सोफ्याच्या अगदी टोकाला बसली, पण बसली. आतून बायको चहा घेऊन येत होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढं कितीतरी शनिवार आमच्या घरात भांडणं झाली, आणि मला ती गोड लागली. श्रुतीला कॉम्प्युटरला काचेचा डबा हवा होता. भाऊजींना पुढून जाळी हवी होती. "थंडीत जिनिंगमधल्या कापसाचा रुवा उडते, उन्हाळ्यात वावराच्या धुऱ्यावरची माती उडते. काच काय चाटाची हाय? हवा कुठून घेईन तो?" श्रुतीला ग्राफिक्स कार्ड आत्ताच पाहिजे होतं. ते म्हणाले, "आत्ता प्रोसेसरच असा घे का त्याच्यातच ग्राफिक्स राहीन. कार्ड मागून येईन. पण पॉवर सप्लाय आजच दमदार घे, आन कार्डाची जागा मोकळी ठेव." ती हिरमुसली. तेव्हा ते जरा हळू आवाजात म्हणाले, "आज नाई आलं म्हणून जागा बुजवाची नसते, बेटा." मी पेपर वाचत होतो. त्यानंतर त्या पानावरचं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही.

जाळी त्यांनी जिंकली. कूलर मी हॉलच्या खिडकीत हलवला.

सगळे भाग आले त्या रविवारी जेवणाचं टेबल रिकामं केलं. भाऊजींनी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलं, देवळात शिरताना घंटेला लावावा तसा खिडकीच्या गजाला हात लावला, श्रुतीलाही लावायला सांगितला. अंगातली वीज उतरते म्हणे. मग हाताची घडी घालून खुर्चीत बसले ते बसलेच. सगळं तिनं केलं. आणि बटण दाबलं तर पंखे नुसते गरगरले, पडदा काळाच.

तिचा चेहरा मी बघत होतो. निकाल लागला त्या दिवशी होता, तोच. "माझ्या हातानं काहीच होत नाही," ती म्हणाली आणि खोलीकडं वळली. बायकोनं माझा दंड धरला. मला वाटलं, आता ते दार लागलं की संपलं.

"थांब वं," भाऊजी म्हणाले. "एखादी वायर राह्यली असन. पण माहा चष्मा घरी राह्यला. मले काई दिसत नाई. तूच पाय बरं, वरच्या कोपऱ्यात."

ती परत आली. वाकून बघायला लागली. एकेक वायर बोटानं चाचपत गेली. मग ती पुटपुटली, "प्रोसेसरच्या पॉवरची वायर लावलीच नाही." लावली. पडदा उजळला. श्रुती हसली, आणि बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली.

चष्मा भाऊजींच्या शर्टाच्या खिशात होता. मला दिसत होता.

आता ते निवृत्त होऊन आष्टीकडं, त्यांच्या सासरच्या गावी राहायला गेलेत. त्यांचं टेबल रिकामं आहे, आणि सकाळी जर्मनीची खबर देणारं कुणी उरलं नाही. मला करमत नाही, हे सरळच सांगतो. श्रुतीला मात्र खबर मिळते. तिनं इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश घेतलाय, आणि रविवारी दोघं आपापल्या घरून एकामागं एक ट्रक काढतात. ते जोरात हाकतात अशी तिची तक्रार आहे. कार्डही मागून आलं. जागा होतीच.

परवा तिची वर्गमैत्रीण पहिल्यांदा जुळवलेला कॉम्प्युटर घेऊन आमच्याकडं आली. चालू होत नव्हता. रडवेली झाली होती. मी दाराशी उभा होतो. श्रुतीनं झाकण काढलं, आत एक नजर टाकली आणि मागं सरून हाताची घडी घातली.

"मला काही दिसत नाही गं," ती म्हणाली. "माझा चष्मा घरी राहिला. तूच बघ."

मैत्रीण डोळे पुसता पुसता थांबली. "तुला कधीपासून चष्मा? आणि तू घरीच तर आहेस."

"तरी तूच बघ," श्रुती म्हणाली.